सहावीचा तास आणि पहिलीची खुर्ची

"पाचवीपर्यंत काय नाचायचं ते नाचा म्हणावं! पुढे गाठ माझ्याशी आहे!" असं काटकोनसर शिक्षकांच्या खोलीत दिवसातून चारदा तरी म्हणायचे. सर गणिताचे. चालताना, बसताना, अगदी शिंकतानासुद्धा ताठ, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. ते सरांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

शाळा तशी जगावेगळी. पाचवीपर्यंत बाकं नाहीत, घोकणं नाही, आणि एक नियम तर चक्क भिंतीवर रंगवलेला: अडलेल्याला उत्तर सांगू नका, प्रश्न विचारा! हे लाड सहावीपासून पुढेही चालू ठेवायचे की नाही, ते आज चार वाजता पालकसभेत ठरणार होतं. सरांची पद्धत म्हणजे रांगा, फळा आणि चिडीचूप. ती पालकांनी उचलून धरली की वरच्या वर्गांचे प्रमुख सरच! घरी बायकोला त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं.

पुरावा म्हणून सभेत पहिलीची खुर्ची दाखवायचं त्यांनी ठरवलं. "सांगा, बारा वर्षांचं पोर यात बसेल का? मग या लाडांत कसं बसेल?" असं विचारलं की पालक गार! पावणेचारला ते पहिलीच्या रिकाम्या वर्गात गेले. खुर्ची लाकडी, बुटकी, चौरस बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. बोलण्याला वजन यावं म्हणून त्यांनी स्वतः एकदा बसून पाहिलं.

बसले ते बसलेच!

उठायला गेले तर खुर्चीही उठली. हिसका दिला, गिरकी घेतली, दाराच्या चौकटीला धरून स्वतःला ओढून पाहिलं. खुर्ची आपली कडेवरच्या लेकरासारखी चिकटलेली! खडखडाट ऐकून सहावीची सात-आठ पोरं आत आली.

"बघता काय? ओढा!" सर गरजले.

पोरांची पुढारी म्हणजे वकीलबाई. दोन वेण्यांची, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. ती सरांसमोर ऐसपैस मांडी घालून बसली.

"सर, तुम्हाला काय वाटतं, तुम्ही का अडकलात?"

"मला काहीही वाटत नाही! ओढ म्हणतो ना!"

"ओढलं तर उत्तर सांगितल्यासारखं होईल, सर. आम्ही पाच वर्षांत कुणाला आयतं उत्तर दिलेलं नाही."

"अगं बाई, चारला दहा कमी आहेत! सभा आहे माझी!"

"मग लवकर विचार करा," ती मायेनं म्हणाली.

तोवर मोजपट्टी नावाचं पोर टेप घेऊन खाली वाकलं. दिसेल ते मोजायचं, हा त्याचा जन्मजात आजार. "आतली रुंदी बत्तीस सेंटिमीटर. आता सरांची..."

"खबरदार हात लावशील तर!"

"बरं, अंदाजानं धरतो. साठ."

"साठ? चाळीस धर, गाढवा!"

"मग चाळीस बत्तीसमध्ये गेले कसे, सर?"

"दाबून गेले! जाताना वजन मदतीला होतं, येताना ते उलट आहे!" सर नकळत शिकवू लागले होते.

"रुंदी तर बदलायची नाही," वकीलबाई म्हणाली. "मग काय बदलता येईल, सर?"

सर तोंड उघडून थांबले. डोळे चमकले. "थांबा, थांबा! चौरसात सगळ्यात लांब रेघ कुठली रे?"

"कर्ण!" पोरं एका सुरात ओरडली.

"मग मी असा सरळ काय बसलोय मूर्खासारखा?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा काटकोनसर तिरके झाले! एक बाजू पुढे, एक मागे, जराशी वळवळ, आणि फट्! खुर्ची खाली, सर वर!

"बत्तीसची बाजू, पंचेचाळीसचा कर्ण! चाळीस आरामात!" सर पोरांचे हात धरून उड्या मारत होते. इतका आनंद त्यांना गणितानं कधी दिला नव्हता, आणि ते त्यांचं त्यांनाच जाणवलं.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. दारात पालकांची ही गर्दी! सभेला निघालेले सगळेजण आवाज ऐकून इथेच थांबले होते. पुढे मुख्याध्यापिकाबाई डोळे पुसत उभ्या.

"आम्हाला वाटायचं, वरच्या वर्गांत हे जमायचं नाही," एक आई गहिवरून म्हणाली. "पण सरांनी तर कर्ण शिकवायला स्वतःलाच अडकवून घेतलं!"

सभा तिथेच, उभ्या उभ्या झाली. रांगा आणि चिडीचूप एकमतानं नामंजूर! प्रमुख म्हणून काटकोनसर एकमतानं मंजूर!

पालक पांगल्यावर मुख्याध्यापिकाबाई सरांजवळ आल्या. "सर, आता खरं सांगा. हे सगळं ठरवूनच बसला होतात ना?"

सगळी पोरं सरांकडे बघू लागली. वकीलबाईनं तर तोंडही उघडलं होतं.

बावीस वर्षांच्या नोकरीत सरांनी पहिल्यांदाच जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं.

"अर्थात!"