हॉर्नचा डबा

इंदूरमध्ये घरोघरी ओल्या कचऱ्याचा डबा असतो, सुक्याचा असतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुळ्येकाकांकडे आणखी एक आहे, हॉर्नचा. लाल, झाकणाचा. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलंय : 'हॉर्न यहाँ डालें'.

आमचं घर राजवाड्याजवळच्या बाजारात. संध्याकाळी गल्ली तुंबली, धूर गॅलरीपर्यंत चढला की काका डबा घेऊन खाली उतरतात आणि हॉर्न वाजवणाऱ्यापुढे उभे राहतात. "भिया, कचरा गाडी में डालते हो ना? तो ये भी इसमें डालो." एका रिक्षावाल्याने खरोखर झाकण उघडून आत तोंडाने 'पों' केलं. काकांनी झाकण घट्ट लावलं आणि त्याला धन्यवाद दिले.

लोक हसतात. मला मात्र रोज धडकी भरते. हसणाऱ्यांत हात उचलणारा निघायला कितीसा वेळ लागतो?

दिवाळीनंतर काकूंचा दमा इतका बळावला की डॉक्टरांनी बाजारात राहायलाच मनाई केली. मुलगा त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजय नगरच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. काका गेले नाहीत. "मी पण गेलो तर पोरगा घराला ताला लावेल. मग ती वापस कुठे येणार? बाजार थोडा सुधरू दे, आणतोच तिला." तेव्हापासून अख्खा बाजार सुधारायचा ठेका या सिंचन खात्यातल्या निवृत्त माणसाने एकट्याने घेतला आहे. वेडेपणा, दुसरं काय!

मागच्या शनिवारी व्हायचं तेच झालं. फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर लावलेली मोटारसायकल, वर धिप्पाड गडी. काका डबा घेऊन आडवे आले.

"अंकल, हटो."

"पहले हॉर्न डालो."

त्याने गाडी जागीच रेस केली. सगळा धूर गल्लीत कोंडून काकांच्या तोंडावर आला. काका खोकून वाकले, पण हलले नाहीत. त्याने लाथेने डबा उडवला, खाली उतरला आणि काकांची कॉलर धरली. मागच्यांनी गाड्या बंद केल्या, मोबाइल वर केले. मी भांडणात पडणारा माणूस नाही. तरी जिना उतरून धावलो.

तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला.

"एक मिनट, भिया. घरवाली का है." कॉलर त्याच्या मुठीतच होती. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर.

"अहो, कुठे आहात?"

"खाली. बाजारात."

"मग फोन जरा वर धरा ना. इथं अकराव्या मजल्यावर दिवसभर काचा बंद. माणसाचा आवाज नाही हो. जीव घाबरतो माझा. आपला बाजार ऐकवा थोडा."

गल्लीत चिटपाखरू नसावं इतकी शांतता होती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या गड्यालाच हळूच म्हणाले, "बजा दो ना यार. एक बार."

त्याने कॉलर सोडली. गाडीवर बसला आणि जपून, दोनदा हॉर्न दाबला. मागून रिक्षा वाजली, मग टेम्पो, मग सगळी गल्ली. गाड्या सुरू झाल्या, पुन्हा धूर उठला.

काका फोन डोक्यावर उंच धरून उभे होते. दुसऱ्या हाताने त्यांनी तोंडावर रुमाल गच्च दाबला होता, आपला खोकला तिला ऐकू जाऊ नये म्हणून.