सही करणारा हयात असल्यास

माणूस शिकलेला आहे की नाही, हे त्याचे त्याला कळत नसते. त्याच्या शिक्षकांना थोडेफार कळते, पण त्यांचे मत धरता येत नाही. त्यांनी त्याला प्रत्यक्ष शिकवलेले असते, त्यामुळे ते निःपक्षपाती उरलेले नसतात. म्हणून ज्याने त्या माणसाला जन्मात पाहिलेले नाही, अशा कुणाला तरी त्याच्या कागदावर शिक्का मारावा लागतो. मग तो शिक्का खरा आहे, असे सांगणारा दुसरा शिक्का. आणि दुसरा मारणारा खरोखर त्या खुर्चीत बसतो, असे सांगणारा तिसरा. देशातल्या देशात एवढे लागत नाही (देशात शिक्षण फारसे वापरायचे नसते). परदेशी न्यायचे झाले, की मात्र त्याची खात्री करावी लागते. उगाच आपल्याकडून खोटे ज्ञान बाहेर गेले, तर देशाची अब्रू जाते.

सारिका वना पाटील ही चोपडा तालुक्यातली मुलगी जळगावच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होती. अनुदान येणार, असे तिला रुजू होताना सांगितले होते आणि दर जूनमध्ये तितक्याच उत्साहाने पुन्हा सांगितले जात होते. अशात आखातातल्या एका शाळेने तिची मुलाखत घेतली, फळ्यावर दोन गणिते सोडवून घेतली आणि तिला नेमले. अट एकच होती: नवे सत्र सुरू होण्याआधी सगळी प्रमाणपत्रे साक्षांकित होऊन यावीत. तारीख चुकली तर जागा दुसऱ्याला.

तिचे वडील वनाआबा केळीच्या बागेतून आले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोरी, तू शिकेल शे हाई बठ्ठा गावले माहीत शे. मंग त्या सायबस्ले काबर माहीत नई?"

सगळ्या गावाला माहीत ते साहेबांनाच का माहीत नाही, हा आबांचा प्रश्न बिनतोड होता, आणि म्हणूनच त्याला प्रशासनात स्थान नव्हते.

सुरुवात झकास झाली. जळगावच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या वकीलसाहेबांनी 'मूळ प्रत पाहून खात्री केली' असा शिक्का धडाधड मारला. मूळ प्रत अजून पिशवीत होती, पण अनुभवी माणसाची नजर पिशवीच्या आरपार जाते. पदवी तर चुटकीसरशी सुटली, कारण तिच्यावर कुलगुरूंची सही छापील होती. छापील सहीचा हात कधी थरथरत नाही, तिला वय होत नाही आणि ती कुणी केली असा प्रश्नही पडत नाही.

अडले ते शेवटच्या कागदापाशी. बी.एड. करताना सारिकाने वर्गात उभे राहून खरोखर शिकवले होते, असे सांगणारे ते सराव-अध्यापनाचे प्रमाणपत्र. तिचे कॉलेज धुळे जिल्ह्यात नरडाण्याजवळ होते (आता नाही). प्रमाणपत्रावर प्राचार्य कौतिक चौधरी यांची हाताने केलेली सही होती. तोच त्या कागदाचा दोष होता.

धुळ्याच्या 'परदेशगामी शैक्षणिक दस्तऐवज पडताळणी कक्षा'तले ललित भाऊसाहेब हे अत्यंत सज्जन लिपिक. ते कुणालाही नाही म्हणत नसत. ते फक्त आणखी एक कागद सांगत.

"ताई, ही सही माझीच आहे, असं सरांकडून लिहून आणा," ते म्हणाले. "सहीनिशी."

कौतिक सर निवृत्त होऊन पहूरला राहत होते. कॉलेज सुटल्यापासून सारिका त्यांना भेटलेली नव्हती. दार उघडले त्यांच्या पत्नी मंजुळाबाईंनी. आत सर खाटेवर उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवला होता, म्हणजे कुणीतरी उचलून ठेवला होता. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती. डोके शाबूत होते आणि जिभेला थोडा जडपणा होता.

"तीन वर्सं झाली, बाई," मंजुळाबाई म्हणाल्या, "सरांचं एकबी लेकरू इकडं फिरकलं नही."

सारिकाने पिशवीतला कागद बाहेर काढला नाही. तिला तो काढावासा वाटेना.

सरांनी मात्र तिला ओळखले. "सारिका वना पाटील. अपूर्णांक शिकवायला तू वर्गात भाकरी आणली होतीस. पाव, अर्धी, पाऊण. तास संपल्यावर पोरांनी ती खाल्ली आणि तपासनीसांनी शेरा मारला, 'शैक्षणिक साहित्याची निगा राखली नाही.'" ते हसले. अर्धाच चेहरा हसला. "कागद आण. कागदाशिवाय कोण येतंय इतक्या लांब?"

तिची मान खाली गेली, पण तिने कागद दिला.

सरांनी डाव्या हाताने सही केली. चिखलातून बैलगाडीचे चाक गेल्यासारखी ती दिसत होती. तरी पूर्ण होती, आणि साक्षीला दोन शेजारी होते.

ललित भाऊसाहेबांनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांना मनापासून वाईट वाटले. सह्या जुळत नव्हत्या. आता यापुढचा युक्तिवाद वाचकांनी शांतपणे समजून घ्यावा, कारण त्यात कुठेही चूक नाही. एका माणसाच्या दोन सह्या वेगळ्या असतील, तर त्यातली एक खोटी. नवी सही साक्षीदारांसमोर झाली, म्हणजे ती खरी. तेव्हा प्रमाणपत्रावरची जुनी सही खोटी. आणि जुनी सही खोटी असेल, तर सरांनी प्राचार्यपदाच्या सगळ्या कारकिर्दीत केलेल्या तसल्याच सगळ्या सह्या खोट्या.

कक्षाने तसे परिपत्रक काढले: कौतिक चौधरी यांची सही असलेली सर्व प्रमाणपत्रे 'संशयाधीन' ठेवावीत.

धुळे-जळगाव भागातल्या मास्तरकीत हाहाकार उडाला. निम्म्या शाळांतले गुरुजी त्या कॉलेजातून निघालेले. मुख्याध्यापक त्यातले, विस्तार अधिकारी त्यातले. खुद्द ललित भाऊसाहेबही त्यातलेच. त्यांनी परिपत्रक पाठवले आणि मग घरी जाऊन स्वतःचे कपाट धुंडाळले.

आणि पहूरला माणसांची रीघ लागली. सरांच्या आजारपणाची कल्पना असलेले विद्यार्थी परिपत्रकापूर्वी शून्य टक्के होते, परिपत्रकानंतर शंभर टक्के. इतक्या थोड्या अवधीत गुरुभक्तीचा एवढा प्रसार दुसऱ्या कुठल्याही योजनेने झालेला नाही. लोक केळीचे घड आणत, नारळपाणी आणत आणि सरांच्या हाताची चौकशी करत. रक्तदाब, साखर, झोप असल्या फुटकळ गोष्टींत कुणी शिरत नसे. एका मुख्याध्यापकांनी मालीश करणारा माणूस सोबत आणला आणि त्याला बजावले, "पायाचं राहू दे. बोटं बघ फक्त."

सारिका दर रविवारी जाई. सरांचा डावा हात हातात धरून ती जुनी सही गिरवून घेई. अडचण अशी, की जुनी सही म्हणजे घाईत मारलेला एक फराटा होता आणि सरांचा डावा हात आता पहिलीतल्या मुलासारखा एकेक अक्षर सुटे, गोल काढत होता.

"जन्मभर पोरांना सांगत आलो, अक्षर नीट काढा," सर घामेजून म्हणाले. "आता तू मला वाईट काढायला शिकव."

तिने शिकवले. सरांना ते जमले नाही. त्यांचे अक्षर आठवड्यागणिक सुधारतच गेले.

शाळेने दिलेली तारीख जवळ आली, तेव्हा ललित भाऊसाहेबांनी नियमपुस्तिका पुन्हा वाचली आणि त्यांना वाट सापडली. ते सारिकाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. सही करणारा मयत असेल तर मूळ सही खरी समजावी, असं स्पष्ट आहे. हयात असेल तरच त्याने ती सिद्ध करायची. सर नसते, तर तुमचं काम परवाच झालं असतं."

सारिका बाहेर आली. बस स्टँडवर जाऊन बसली आणि जळगावची गाडी समोरून निघून गेली, तरी उठली नाही. भाऊसाहेबांचा तिला राग आला होताच. पण ते बोलले, त्या क्षणी तिच्या मनात एक हिशेब झाला होता, अगदी निमिषभर. तो झालेला तिला स्वतःला दिसला होता.

ही बातमी तिने पहूरला सांगितली नाही. गरजही पडली नाही. त्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांनी मंजुळाबाईंना दारात गाठून विचारले, "डॉक्टर काय म्हणतात?" आणि कुठल्या उत्तराची ते वाट पाहत होते, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हते.

सरांना सगळे कळले. रविवारी त्यांनी सारिकाला जवळ बसवले.

"म्हणजे अडचण माझ्या हाताची नाही, माझीच आहे. मग मी मयत असल्याचं स्वयंघोषणापत्र देतो. आण कागद."

"सर, असं बोलू नका," ती म्हणाली आणि रडू लागली.

"रडायला काय झालं? विचार तर त्या ललितला."

तिने विचारले नाही. दुसऱ्या कुणीतरी विचारले. भाऊसाहेबांनी त्यावर गांभीर्याने विचार केला आणि कळवले, की कल्पना उत्तम आहे, परंतु त्या घोषणापत्रावरही सरांचीच सही लागेल आणि ती जुळणार नाही.

तेव्हा सर म्हणाले, "चला धुळ्याला."

वनाआबांनी भाड्याची गाडी ठरवली. सरांना मधल्या सीटवर उशांत बसवले. पहूर, जळगाव, मग हायवेने धुळे. कक्षात व्हीलचेअर नव्हती, म्हणून आबांनी आणि ड्रायव्हरने सरांना खुर्चीसकट उचलून जिना चढवला. कक्ष अधिकारी रत्ना मॅडमनी सरांना दारात पाहिले मात्र, त्या ताडकन उठल्या. त्याही नरडाण्याच्या कॉलेजातल्याच. भर कार्यालयात वाकून त्यांनी सरांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग जागेवर बसून त्यांनी सरांकडे ओळखपत्र मागितले.

"रत्ना, तू मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखते ना, सर," मॅडम कळवळून म्हणाल्या. "कार्यालय ओळखत नाही."

मग सरांनी विचारले, "ज्याला सहीच करता येत नाही, तो माणूस तुमच्याकडे आला तर काय करता?"

"तसं येत नाही कुणी," मॅडम म्हणाल्या. "पण आला तर अंगठा. दोन साक्षीदार. त्यासाठी वेगळा नमुना आहे." आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

"मग दे तो नमुना."

तो नमुना निरक्षर व्यक्तींसाठी होता. ललित भाऊसाहेबांनी खाली मान घालून त्यात 'प्रमाणपत्रावरची सही माझीच आहे' हा मजकूर घातला आणि रकाने भरायला घेतले. नाव: कौतिक झिपरू चौधरी. व्यवसाय: काही नाही. शैक्षणिक पात्रता या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबले. दुहेरी एम.ए. लिहिले, तर नमुना बाद होत होता. भाऊसाहेबांनी एकदा मॅडमकडे पाहिले. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मग भाऊसाहेबांनी एक शब्द लिहून टाकला.

"वाचून दाखवा त्यांना," मॅडम पुटपुटल्या. "नियम आहे."

"मी वाचतो," सर म्हणाले. त्यांनी कागद डाव्या हातात धरला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवले. "ललित, निरक्षरचा नि ऱ्हस्व. किती वेळा सांगितलंय तुला."

भाऊसाहेबांनी वेलांटी दुरुस्त केली. सरांनी निळ्या पॅडवर डावा अंगठा दाबला आणि कागदावर ठेवला. साक्षीदार म्हणून वनाआबांनी आणि ड्रायव्हरने झोकात सह्या केल्या. अंगठ्याला जुळवून पाहायला जुना अंगठा नव्हता, त्यामुळे तो तत्काळ जुळला. अशा रीतीने सारिका वना पाटील ही शिकवण्यास पात्र आहे, हे एका अधिकृत निरक्षराने प्रमाणित केले. परिपत्रक मागे घेण्यात आले आणि धुळे-जळगावातले हजारो शिक्षक त्याच अंगठ्याच्या जोरावर पुन्हा सुशिक्षित झाले.

सारिकाने सरांचा अंगठा आपल्या ओढणीने पुसला. शाई निघेना. ती पुसतच राहिली, तेव्हा सर म्हणाले, "राहू दे. निवडणुकीत नाही का लावत?"

पुढचे मुंबईचे, दिल्लीचे आणि वकिलातीचे शिक्के आपोआप पडले. मागचा शिक्का असला, की पुढच्याला काही पाहावे लागत नाही. सारिका ठरल्या तारखेला रुजू झाली. तिथल्या कारकुनाने गठ्ठा हातात घेतला, न उघडता कपाटात ठेवला आणि वर्ग कोणत्या मजल्यावर आहे ते सांगितले.

आठवड्याच्या सुट्टीत ती पहूरला फोन लावते. सर अजून लिहितात. आता मोत्यासारखे अक्षर येते. घरात शांतता असते. काम झाल्यामुळे पाहुणे यायचे थांबले आहेत. मंजुळाबाई म्हणतात, "केळी तेवढी बंद झाली, बाई. बाकी बरं चाललंय."

प्रस्तुत लेखकाला या प्रकरणात कुणालाही दोष द्यायचा नाही. प्रत्येकाने आपापले काम नियमानुसार केले. वाचकांना फक्त एक सूचना. आपले प्रमाणपत्र काढावे आणि त्यावर सही कुणाची आहे ते पाहावे. ते गृहस्थ हयात आहेत की नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसणार. ठाऊक करून घ्यायला गेलातच, तर कागद न्यायला विसरू नका. कागदाशिवाय कशाला आलात, हे तुम्हाला त्यांना सांगता येणार नाही.