मावशींच्या साखळीची चमक

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला दागिना उजळायला सोनाराकडे जावं लागलं, तर तिनं आपली पदवी परत करावी, असं तिनं रविवारी सकाळी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. नवऱ्यानं काही विचारलंही नव्हतं. तो बिचारा मोज्याचा जोडीदार शोधत होता.

खरं दुखणं दागिन्याचं नव्हतंच. दुखणं होतं मावशींचं. मावशी म्हणजे गड्डूला सांभाळणाऱ्या बाई. गड्डू नऊ महिन्यांचा. दोन दात आलेले, तिसरा वाटेवर. सकाळी आठला मावशी दारात उभ्या राहिल्या, की हा आईच्या कडेवरून अशी झेप घ्यायचा, जणू आई म्हणजे बस आणि मावशी म्हणजे त्याचा थांबा! संध्याकाळी आई शाळेतून धापा टाकत यायची, हात पसरायची, आणि गड्डू मावशींच्या गळ्यातली साखळी मुठीत घट्ट धरून तिच्याकडे बघायचा. बाई, आपण कोण?

आता मावशींच्या स्वभावावर जळावं, तर स्वभाव खरंच चांगला होता. कामावर जळावं, तर त्या कामावरच घर चाललं होतं. उरली ती साखळी. साधी, बारीक, पण अशी लखलखायची की डोळे दिपावेत. तिनं मनाशी निकाल लावून टाकला: मुलाला माणूस नाही, चमक आवडते. मग चमक आपल्याकडेही आहे की! बाळंतपणानंतर तिच्या आईनं दिलेली सोन्याची साखळी, तिला लॉकेट, लॉकेटात टपोरा मोती. फक्त नऊ महिन्यांचं दूध, तेल आणि पावडर बसून तिची पार रया गेली होती.

आधी टूथपेस्ट झाली. ती नक्षीत जाऊन बसली आणि लॉकेट दात घासून चूळ न भरलेल्या माणसासारखं दिसू लागलं. ती काढायला खायचा सोडा. सोड्यानं पेस्टशी संगनमत केलं आणि दोघं मिळून आणखी आत घुसले. मग तिनं सगळं प्रकरण वाटीभर व्हिनेगरमध्ये सोडलं. भसाभस फेस आला. याला म्हणतात शास्त्र, असं म्हणून तिनं पाच मिनिटं ठरवली.

तेवढ्यात गड्डू उठला. त्याला दूध पाजता पाजता त्याची मूठ तिच्या बोटाभोवती आवळली गेली. ही मूठ आठवडाभर दुसरीच्या गळ्यात असते, असं मनात आलं, आणि मग ती मूठ सोडवून उठायचा तिला धीरच झाला नाही. दोघंही झोपले. तीन तास.

नवऱ्यानं वाटीत डोकावून विचारलं, "यात मोती होता ना?"

होता. अजूनही होता, पण फळ्यावर झिजवलेल्या खडूच्या तुकड्यासारखा. दर वर्षी आठवीच्या वर्गात ती स्वतः व्हिनेगरमध्ये खडू टाकून बुडबुडे दाखवते, आणि शिंपला टाकला तर काय होईल, असं विचारते. मागच्या बाकावरच्यांनाही उत्तर येतं.

हार मानेल ती बाई कसली! मोत्यावर तिनं बिनरंगी नेलपॉलिशचा हात दिला. ते वाळायच्या आत गड्डूला उचललं. मोती त्याच्या पिवळ्या लोकरीच्या स्वेटरला जाऊन चिकटला, आणि ओढून काढला तेव्हा त्याला चांगली बोटभर पिवळी दाढी आली होती. नवरा म्हणाला, आता निदान चेहऱ्यावर भारदस्तपणा आलाय. गड्डूनं लॉकेट हुंगलं, दोनदा शिंकला आणि बापाकडे निघून गेला.

सोमवारी मावशींना ओट्यावर ते दाढीवालं लॉकेट दिसलंच. तिनं निम्मी हकिगत सांगितली, उरलेली निम्मी वासानं सांगितली. मग सहज विचारल्यासारखं करून तिनं विचारलं, तुम्ही साखळी कशानं हो साफ करता?

"मी कुठं साफ करते, ताई? सकाळी साबणाच्या कोमट पाण्यात एक बुडी देते, एवढंच. बाकी सगळं हाच बघतो. दात येतायत ना. दिवसभर चोखत असतो."

दिवसभर! तो शब्द तिला चार तास शिकवताना कुसळासारखा टोचत राहिला. म्हणजे ती चमक तिच्याच मुलाच्या लाळेची होती, आणि आठवड्याचे पाच दिवस ती दुसरीच्या गळ्यात झळकत होती.

पुढच्या शनिवारी तिनं लॉकेट कपाटात टाकलं, साखळी साबणानं धुतली, गळ्यात घातली आणि दोन दिवस जागची हलली नाही. नवऱ्यानं फिरायला जाऊ म्हटलं, तर काम चालू आहे म्हणाली. गड्डूनंही कसूर केली नाही. चोखली, चावली, ओढली. तिची मान लाल झाली, पाठीचा पार काटा ढिला झाला, पण रविवारी संध्याकाळपर्यंत साखळीला अशी झळाळी आली, की तिनं ती नवऱ्याला तीनदा दाखवली.

सोमवारी आठला मावशी आल्या. गड्डूनं एक साखळी पाहिली, दुसरी पाहिली. उजव्या मुठीत मावशींची धरली, डाव्या मुठीत आईची, आणि दोन्ही एकदम तोंडाकडे ओढल्या. दोघींची कपाळं टकरली. आता दोघींनी एकेका हातानं त्याला धरलेलं, गालाला गाल लागलेला, आणि मधे साहेब आळीपाळीनं चोखतायत. एकदा इकडची, एकदा तिकडची. अगदी निःपक्षपाती.

"ताई, शाळेला उशीर होईल," मावशी तिच्या कानात म्हणाल्या. दुसरीकडे बोलायला जागाच नव्हती.

"तुमच्या साखळीची कडी मागंच आहे ना, मावशी?"

"आहे की. तुमचीही मागंच आहे."

दोघींचा एकेक हात मोकळा होता. कडी काढायला दोन बोटं पुरली असती. घड्याळ आठ वाजून दहा मिनिटांवर गेलं, मग वीसवर. कुणाचाही हात मानेकडे गेला नाही.

त्या दिवशी शाळेच्या वहीत उशिराचं कारण म्हणून तिनं लिहिलं, 'घरगुती अडचण.' अडचणीच्या मानानं अक्षर फारच आनंदी आलं होतं.