मॅडम फाईल तोलतात

"काट्यावर ठेवा! पेशंटला नाही हो, फाईलला! उतरवा त्या आजींना खाली!"

हा आवाज डॉक्टर सरोज जगताप यांचा. आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरून तो निघाला, की पार्किंगमधल्या दोन-चार मोटारसायकली आपोआप स्टँडवरून घसरतात. वारा अनुकूल असेल तर घोटीपर्यंत जातो आणि तिथला उभा भात आडवा होतो. मी वाढवून सांगतो असं आमच्या घरी म्हणतात. घरच्यांनी मॅडमना ऐकलेलं नाही.

मी पगारे. ईसीजी काढतो. लोकांच्या छातीला वायरी चिकटवायच्या आणि मशीनमधून रेघांची पट्टी बाहेर येईपर्यंत "हलू नका" म्हणायचं, एवढीच माझी विद्या. मॅडम मानसोपचाराच्या, आणि त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. मधली भिंत आहे, पण मॅडमच्या आवाजापुढे तिचं काही चालत नाही. त्यामुळे त्यांचं निम्मं संशोधन मला तोंडपाठ आहे.

संशोधन असं. आमच्याकडे छाती, पोट, श्वास, डोकं, काही ना काही धरून माणसं येतात. सगळ्या तपासण्या होतात, सगळ्या चांगल्या निघतात, आणि माणूस तसाच कण्हत घरी जातो. महिन्याभराने पुन्हा हजर. अशा माणसांच्या दुखण्यात भीती किती आणि ती येते कुठून, हे मॅडम वर्षानुवर्षं शोधताहेत. "खोटं दुखणं असा प्रकारच नसतो, पगारे," त्या म्हणतात. "दुखतंय म्हणजे दुखतंय. मनाला स्वतःचं पोट नाही, म्हणून ते तुमचं वापरतं."

आता काट्याचं. निफाडच्या एका द्राक्षबागाईतदाराची छाती वर्षभर धडधडत होती. मॅडमनी त्याला शांत केलं, तेव्हा त्याने कृतज्ञतेपोटी द्राक्षांच्या पेट्या तोलायचा काटा आणून दिला. दुसऱ्या कुणी तो भंगारात दिला असता. मॅडमनी तो टेबलाशेजारी मांडला आणि आल्या पेशंटची फाईल त्यावर ठेवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, रिपोर्ट सगळे चांगले आणि फाईल जितकी जड, तितकं त्या माणसाचं कुणी ऐकून घेतलेलं नाही. कुणी ऐकत नाही म्हणून तपासणी, तपासणीत काही नाही म्हणून पुढचा डॉक्टर, आणि कागद वाढत जातात. हलक्या फाईलवाल्याला दहा मिनिटं. जड फाईलवाल्याला मॅडमचा डबा उघडायचा राहून जाईपर्यंत वेळ. सटाण्याच्या एका गृहस्थांची फाईल तर स्ट्रेचरवरून आली होती. ते स्वतः मागून चालत आले.

मॅडमच्या राज्यात एका वाक्याला बंदी आहे: "तुम्हाला काही झालेलं नाही." ते उच्चारणाऱ्याने तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढायचा आणि उतरायचा, पळत. आमचे हृदयरोगवाले डॉक्टर देवरे नवीन होते. पहिल्याच आठवड्यात एका बाईंना ते हे वाक्य हसत हसत बोलून गेले. भिंतीपलीकडून गर्जना झाली. देवरे पळाले. परत आले ते भिंत धरून, तोंडाचा आ वासून.

"काय होतंय?" मॅडमनी विचारलं.

"छा... छातीत... धडधड..."

"पगारे, यांचा ईसीजी काढा." मी काढला. मॅडमनी पट्टी डोळ्यांसमोर धरली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला काही झालेलं नाही, डॉक्टर."

तेव्हापासून देवरे पेशंटला आधी बसवतात, पाणी देतात, मग बोलतात.

मॅडमकडे एक छापील प्रश्नावलीसुद्धा आहे. बाहेरच्या देशातून आलेली, सभ्य. "गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला अस्वस्थ वाटलं का?" आपली माणसं त्याला एका सुरात उत्तर देतात, "नाय." का, तर शेजारी सासू उभी असते, नवरा उभा असतो. अस्वस्थ वाटलं म्हणणं म्हणजे घराची चारचौघांत बदनामी. एकदा एका उसवाल्या बाबांना मॅडमनी प्रश्नावली बाजूला सारून सरळच विचारलं, "बाबा, भीती कशाची वाटते?"

"बिबट्याची."

बरोबरचा जावई फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. कुठल्या शेतात, कधी दिसला, माग होता का, सगळं विचारून घेतलं. बिबट्या खराच होता, बछड्यांसकट. बाबांच्या पोटदुखीवर मॅडमनी त्या दिवशी गोळ्या दिल्या नाहीत, वनखात्याला पत्र लिहून दिलं. पिंजरा लागला आणि बाबा जेवायला लागले.

अशा बाईची कीर्ती पसरायला वेळ लागत नाही. पण पसरताना तिचा आकार बदलला. गावोगाव एवढंच पोचलं, की फाईल जड असली तर मॅडम जास्त वेळ देतात. झालं! पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे येणाऱ्या फायली अचानक धष्टपुष्ट झाल्या. रिपोर्टांच्या मध्ये लग्नपत्रिका, लाईटबिलं, पोरांची प्रगतिपुस्तकं, पंचांग. एका पिशवीतून तर अख्खी वीट निघाली. मी म्हटलं, संपलं मॅडमचं संशोधन. इतक्या वर्षांच्या मेहनतीला लोकांनी वीट लावली.

मी सांत्वन करायला गेलो, तर मॅडम खुर्चीत पसरलेल्या आणि डोळे लकाकताहेत.

"पगारे, एवढी वर्षं मी मूर्खासारखी रिपोर्ट वाचत होते! ते तर डॉक्टरांनी लिहिलेले. ही भर पेशंटने स्वतःच्या हाताने घातली आहे. वजन वाढवायला घरातलं काय उचलावंसं वाटलं, ते बघा ना!"

"आणि वीट?"

"त्याचं घर तीन वर्षं अर्धं बांधून पडलंय. विचारलं मी."

ईसीजीच्या मशीनला बारा रेघा येतात. या बाईला विटेतून सगळं दिसत होतं.

अनुसयाबाई आल्या त्या याच दिवसांत. सायखेड्याच्या. बरोबर नवरा रंगनाथ, पागोट्याशिवायसुद्धा सहा फूट. अनुसयाबाईंचा श्वास अडकायचा, छाती धडधडायची, हातांची बोटं आत वळायची, आणि आता जीव जातो असं व्हायचं. चार ठिकाणी दाखवलं. मी स्वतः दोनदा ईसीजी काढला. पट्टीवर एक रेघ इकडची तिकडे नाही.

"नाटकं हायेत मॅडम, सगळी नाटकं!" रंगनाथ दारातूनच सुरू झाला. "मी मळ्यात पाय टाकला की हिचं चालू. शेजारपाजार गोळा. लय झालं. आज मशीनीत काय निघालं तर ठीक, नायतर हिला इथूनच घोटीला भावाकडं सोडतो. पिशवी भरूनच आणलीय."

पिशवी खरंच आणली होती. दोन लुगडी वरून दिसत होती. अनुसयाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं आता मॅडम असा काही आवाज काढतील, की रंगनाथ गोदावरीपलीकडे जाऊन पडेल.

मॅडम हळू म्हणाल्या, "फाईल ठेवा काट्यावर."

काटा दबला. मॅडमनी फाईल उघडून एकेक कागद टेबलावर मांडायला घेतला. अनुसयाबाईंचे रिपोर्ट पाचेक. बाकी सगळी भर. मॅडमनी भरीतला वरचा कागद उचलला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"हे कुणाचं आहे?"

रंगनाथने मान पुढे केली. "माझं. मागच्या साली अटॅक आलता, तवाचं. हिनं वजनाला घातलं आसंल."

"हे?"

"तेबी माझंच. डिस्चार्जचं."

"आणि हे?"

ती गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, दोरीने बांधलेली. सगळ्यात वरचं अर्धं भरलेलं. मॅडमनी अनुसयाबाईंना विचारलं, "ताई, हे अर्धंच का संपलं?"

अनुसयाबाई पहिल्यांदा बोलल्या. "अर्ध्यावर सोडल्या, तवापास्नं घेत नायती. बरा हाय म्हणत्यात. मी सांगितलं तर अंगावर येत्यात." मग खाली बघत, "मळ्यात गेले की फोन उचलत नायती. घंटी वाजत राहती. मंग मला आसं दिसतं, की ते बांधावर पडल्यात, आन् फोन तिथंच वाजतोय. मंग माझा श्वास बंद होतो."

रंगनाथच्या सहा फुटांतला एक फूट तरी माझ्या डोळ्यांदेखत कमी झाला.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

मॅडमनी त्याला बसवलं. बायकोला होतं ते नाटक नाही, भीतीने शरीर खरंच तसं करतं, हे समजावलं. अनुसयाबाईंना श्वास सोडायची पद्धत शिकवली, औषध दिलं, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. रंगनाथला उचलून देवरेंकडे धाडलं, गोळ्या पुन्हा सुरू करायला. आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: मळ्यात पोचल्याबरोबर घरी फोन करायचा. रोज. चुकायचं नाही. खाली स्वतःचा नंबर, ताईंना जास्त वाटलं तर म्हणून.

लुगड्यांची पिशवी रंगनाथने उचलली, खांद्याला लावली आणि बायकोच्या मागोमाग जिना उतरला. सायखेड्याच्या गाडीला बसले, हे मी खिडकीतून खात्रीने पाहिलं.

आजार काही जादूने पळाला नाही. अनुसयाबाईंना अजून कधीमधी होतं. पण पूर्वी आठवड्याला होणारं आता महिना-महिना होत नाही, आणि झालं तरी रंगनाथ शेजारी बसून श्वास मोजतो. मोजताना चुकतो, मग ती त्याला दुरुस्त करते.

एक गडबड मात्र झाली. रंगनाथ डॉक्टरच्या लेखी हुकुमाचा पक्का. चिठ्ठीवर ज्याचा नंबर, त्यालाही कळवायचं, असा त्याने अर्थ घेतला. त्यामुळे रोज सकाळी, ओपीडी ऐन भरात असताना, मॅडमचा फोन वाजतो. मॅडम समोरच्या पेशंटला हात दाखवून थांबवतात. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, "मॅडम, पोचलो. तिला केला आधी, मंग तुमाला."

"बरं, बरं. गोळी?"

"घेतली."

हे मी सहा महिने ऐकलं. काल चहाच्या वेळी न राहवून म्हटलं, "मॅडम, त्या रंगनाथला सांगून टाका ना एकदा, की तुम्हाला कळवायची गरज नाही. रोज ओपीडी थांबते."

मॅडम चहात बिस्किट बुडवत होत्या. आवाज अजिबात चढला नाही.

"असू दे, पगारे. बाकी सगळे फोन दुखतंय म्हणून येतात."