खऱ्याचा नेम आणि बँकॉकचा शिक्का

त्या चातुर्मासात अनसूयाबाईंनी खोटं बोलणं सोडलं.

बेव्हर्ली पार्कमधल्या त्यांच्या बिल्डिंगीत बाकीच्या बायकांनी कांदा-लसूण, वांगं असलं काहीबाही सोडलं होतं. शेजारच्या हंसाबेननी कारलं सोडलं होतं, जे त्यांनी उभ्या जन्मात कधी खाल्लं नव्हतं. अनसूयाबाईंना असला फसवा नेम पटत नसे. देवाला सगळं कळतं, आणि कारल्याचं तर सगळ्यात आधी कळतं, असं त्यांचं मत.

आषाढी एकादशीला तुळशीपुढे पाणी सोडून त्या उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चार महिने तोंडातून खोटं अक्षर काढणार नाही."

पंढरीनाथांनी पेपर खाली केला. "जमेल?"

"न जमायला काय झालं? मी कुठे खोटं बोलते? हा नेम तर बसल्या बसल्या होईल."

तिसऱ्या दिवशी हंसाबेन ढोकळा घेऊन आल्या. "कैसा लगा, अनसूयाबेन?"

अनसूयाबाईंचा आवाज इतका मऊ, की त्या रागावल्या तरी समोरच्याला आशीर्वाद दिल्यासारखं वाटे. त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "सोडा थोडा ज्यादा हो गया. और नमक रह गया."

एरवी त्या घरातून हंसाबेनचं ताट कधी रिकामं जात नसे. त्या दिवशी काही घालून द्यायच्या आतच त्यांनी ते उचलून नेलं, आणि पुढचे चार दिवस लिफ्टमध्ये त्या अनसूयाबाईंकडे न बघता मजल्यांचे आकडे बघत राहिल्या.

नेम असा रंगात आलेला असताना बँकॉकहून इशिताचा फोन आला. इशिता ही अनसूयाबाईंची एकुलती एक लेक. तिचं पहिलं बाळंतपण करायला अनसूयाबाई हिवाळ्यात तिकडे जाऊन अठ्ठावन्न दिवस राहून आल्या होत्या. आता बाळाला, म्हणजे सोनूला, सहावा महिना लागत होता.

"आई, उष्टावण तुझ्याशिवाय नाही करायचं म्हणतोय अभिनव. तिकीट काढा आणि या. व्हिसा लागत नाहीच."

अनसूयाबाईंनी पंचांग उघडलं, श्रावण शुद्ध दशमी काढली, आणि चांदीची वाटी-चमचा घासायला घेतला. मामाने भरवायचा पहिला घास, पण इशिताला भाऊ नाही, तेव्हा तो आजोबांनी भरवायचा हेही ठरून गेलं. चार महिने फोनच्या काचेला हात लावून ज्याचे गाल कुरवाळले, ते लेकरू आता मांडीवर येणार होतं. त्या वाटीत दिवसातून चार वेळा स्वतःचं तोंड बघत आणि हसत.

घोळ घातला तो खालच्या मजल्यावरच्या शशिकांतांनी. शशिकांत आयुष्यात एकदाच चार दिवस दुबईला गेले होते, पण तेवढ्यावर ते बिल्डिंगीचे परराष्ट्रमंत्री होते.

"परत?" ते सोफ्यावर पुढे सरकले. "व्हिसा नाही, मान्य. पण व्हिसा नाही म्हणजे त्या काउंटरवरचा माणूस हाच व्हिसा! मागे किती राहिलात, वहिनी?"

"अठ्ठावन्न दिवस."

"मेलो. साठ दिवसांची मुदत, तुम्ही अठ्ठावन्न राहिलात. दोन दिवस काय चव बघायला ठेवलेत? आता तो विचारणार, ही बाई सारखी सारखी का येते? पर्यटक आहे का इथे ठाण मांडून बसायचा बेत आहे? संशय आला की त्याच विमानाने परत."

अनसूयाबाईंच्या हातातली वाटी थांबली.

"घाबरायचं नाही. मुलगी, नातू, बाळंतपण यातलं एक अक्षर काढायचं नाही. सांगायचं, फिरायला आलेय. समुद्र बघायचाय, हत्ती बघायचेत."

"पण मला हत्ती बघायचे नाहीत," अनसूयाबाई म्हणाल्या.

"अगं, नुसतं म्हणायचं," पंढरीनाथ म्हणाले.

"नुसतं कसं म्हणू? नेम आहे माझा."

"एक वाक्य गं! देव एका वाक्यासाठी बसलाय का तिथे टपून?"

"आणि समुद्र बघायला बँकॉकला कशाला? उत्तनचा किनारा इथे अर्ध्या तासावर आहे."

शशिकांतांनी डोकं धरलं. पण परराष्ट्रमंत्री हार मानत नसतो. "ठीक. खोटं बोलायचं नाही ना? मग ते खरं करून टाकू. हत्तींची सहल बुक करा. पावती हातात असली की झालं ना खरं?"

पंढरीनाथांनी त्याच संध्याकाळी बुकिंग केलं. चार तारीख, सकाळी नऊ, हत्तींच्या छावणीची सैर. चार तारीखच का, तर फॉर्मवर तीच पहिली दिसली. जायचं कोणाला होतं? आत शिरलं की फोन करून रद्द, असा त्यांचा बेत. तो त्यांनी बायकोला सांगितला नाही. नेम तिचा होता, त्यांचा नव्हता.

पण अनसूयाबाईंचं एवढ्यावर भागेना. "पावती खरी आहे हो, पण इच्छा कुठे आहे? इच्छा नसताना आहे म्हणणं हे खोटंच."

मग पंढरीनाथ बायकोत हत्तीची इच्छा उत्पन्न करायला बसले. रोज सांजवातीनंतर टीव्हीवर हत्ती. आंघोळ करणारा हत्ती, केळी सोलणारा हत्ती, आईच्या पायांत लपणारं पिल्लू. पहिले दोन दिवस अनसूयाबाई जपमाळ ओढत भिंतीकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी माळ थांबली. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "डोळे बघा कसे आहेत. साक्षात गजानन." पाचव्या दिवशी पंढरीनाथांनी बातम्या लावल्या तर त्यांनी रिमोट काढून घेतला. सातव्या दिवशी त्या झोपेतून उठून म्हणाल्या, "अहो, केळी कुठली आवडत असतील त्यांना, वेलची की हिरवी?"

इच्छा उत्पन्न झाली होती. जरा जास्तच झाली होती, हंसाबेनच्या ढोकळ्यातल्या सोड्यासारखी.

बँकॉकच्या विमानतळावर दोघं दोन रांगांत उभे राहिले. पंढरीनाथांच्या पासपोर्टवर आधीचा शिक्काच नव्हता. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी ते घरी राहून खिचडी खात होते. ते दोन मिनिटांत पार झाले आणि काचेपलीकडे जाऊन उभे राहिले.

अनसूयाबाईंच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. अनसूयाबाई मनात हत्तीची उजळणी करत होत्या. मुलीने पानं उलटली आणि हळूच इंग्रजीत विचारलं, "मागच्या वेळी अठ्ठावन्न दिवस होतात. काय काय पाहिलंत?"

शशिकांतांच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्नच नव्हता. सगळी तयारी या वेळेची. मागच्या वेळचं काय? अनसूयाबाईंनी आठवून पाहिलं. इशिताचं स्वयंपाकघर, बाळाच्या लंगोटांची दोरी, बाल्कनीतून दिसणारी एक पिवळी भिंत.

"नथिंग," त्या म्हणाल्या.

"अठ्ठावन्न दिवसांत काहीच नाही? मग करत काय होतात?"

काचेपलीकडे पंढरीनाथ एक हात नाकापुढे धरून सोंडेसारखा हलवत होते आणि तोंडाने "एलिफंट, एलिफंट" म्हणत होते. पण प्रश्न मागचा होता, आणि मागे हत्ती नव्हता. तुळशीपुढे पाणी सोडलेल्या बाईने खरं ते सांगितलं.

"मसाज," अनसूयाबाई म्हणाल्या. "रोज. मॉर्निंग, दोन मसाज."

मुलीचे हात थांबले. तिने फोन उचलला. दोन मिनिटांत अनसूयाबाई एका बाजूच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, आणि पंढरीनाथांची सोंड काचेपलीकडे तशीच अर्ध्यात राहिली होती.

खोलीत एक वयस्कर अधिकारी बाई आल्या. चष्मा, करडे केस, कडक इस्त्री. त्यांनी कागद पुढे ओढला. परदेशी माणसाने इथे येऊन मसाजचा धंदा करणं चालत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग लिहायला सुरुवात केली.

"मोबदला घेतलात?"

अनसूयाबाईंच्या डोळ्यांपुढे चांदीची वाटी आली, सोनूचं बोळकं आलं. 'नाही' म्हटलं तर सुटका होती. पण निघताना जावयाने हातात ठेवलेली ती मोरपंखी साडी? त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "येस. वन साडी."

बाईंनी लिहिलं. "गिऱ्हाइकं किती?"

"टू."

"वय?"

"एक तीस," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि एक... सुरू केलं तेव्हा, फाइव्ह डेज."

पेन थांबलं. "पाच दिवस?"

आता अनसूयाबाईंचं इंग्रजी संपलं. त्यांनी गळ्यातली प्रवासाची उशी काढली, ती अर्ध्या कड्यासारखी असते ना, ती. मांडी घालता येईना म्हणून पाय लांब केले आणि उशी पालथी घातली. उशीची दोन टोकं हे पाय झाले. पाठीवरून अंगठे फिरवले, मग उशी उताणी करून पाय पोटाकडे दुमडले, सरळ केले, पुन्हा दुमडले. सवयीने तोंडातून "अडगुलं मडगुलं" सुरू झालं. शेवटी टाळू भरली आणि बेंबीच्या जागी बोट गोल फिरवून "हिंग, हिंग" म्हटलं.

अधिकारी बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी चष्मा काढला, उशी आपल्याकडे घेतली आणि दुसऱ्याच तऱ्हेने तिच्या पोटावर हात फिरवून दाखवला. मग तीन बोटं वर करून स्वतःच्या छातीला लावली. तीन नातवंडं. अनसूयाबाईंनी एक बोट वर केलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि लिहिलेला कागद टराटरा फाटला.

शिक्का मारता मारता बाईंनी विचारलं, "या वेळी तरी काही बघणार, की पुन्हा मसाज?"

"एलिफंट," अनसूयाबाई उजळून म्हणाल्या. "फोर्थ. नाइन ओ क्लॉक."

"नक्की?"

अनसूयाबाईंनी शपथेसाठी गळा चिमटीत धरला. "प्रॉमिस."

बाहेर आल्यावर पंढरीनाथांनी देवाचे आभार मानले आणि फोन काढला. "आता पहिलं ते हत्तीचं रद्द करतो."

"रद्द?"

"मग काय जायचंय थोडंच? आणि चार तारखेला उष्टावण आहे ना."

अनसूयाबाई सामानाच्या पट्ट्यापाशी थांबल्या. त्यांच्या हिशेबात उष्टावण दशमीला होतं आणि हत्ती चार तारखेला होता. दशमी आणि चार तारीख एकाच सकाळी उगवणार आहेत, हे आजवर त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"फोन ठेवा खिशात," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "शब्द दिलाय मी त्या बाईंना. आपण जातोय."

"आणि उष्टावण?"

"तेही दशमीलाच होणार. मुहूर्त साडेनऊचा आहे."

इशिताने कपाळावर हात मारला. अभिनवने सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने मोठी गाडी सांगितली.

दशमीच्या सकाळी हत्तींच्या छावणीत एका झाडाखाली पाट मांडला गेला. सोनूला कुंची घातली होती. पाटाभोवती रांगोळी होती. समोर सहलीला आलेले दहा-बारा परदेशी लोक होते. त्यांना वाटलं हा कार्यक्रम तिकिटातच आहे, म्हणून त्यांनी फोटो काढले. पंढरीनाथांनी चांदीच्या वाटीत तांदळाची खीर घेतली, चमचा भरला, आणि वाटी डाव्या हातात जरा मागे धरून, बाळाकडे वाकून म्हणाले, "आ कर, सोनू."

सोनू आ करून त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होता.

सोंड आली ती अगदी अलगद आली. वाटी तिने उचललीसुद्धा नाही. पंढरीनाथांच्या तळहातावर ठेवूनच एका श्वासात रिकामी केली, आणि जाता जाता आजोबांच्या टकलावरून ओला हात फिरवावा तशी फिरली. सोनू जन्मल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसला. त्या उघड्या बोळक्यात अनसूयाबाईंनी चमच्यातली उरलेली चार शितं सारली, आणि हत्तीला हात जोडले.

संध्याकाळी शशिकांतांचा फोन आला. स्पीकरवर शेजारी हंसाबेनही होत्या. ढोकळ्याचा राग नातवाच्या कौतुकात विरघळला होता.

"वहिनी, कसं झालं उष्टावण?"

पंढरीनाथ खुणा करत होते, एवढंच बोल, छान झालं.

"छान झालं हो," अनसूयाबाई म्हणाल्या. हे खरंच होतं. "पहिला घास एकदम आवडीने. वाटी अगदी चाटूनपुसून."

"अरे वा! सोनूने पूरी वाटी खाया?" हंसाबेननी विचारलं.

पंढरीनाथांनी डोळे मिटून घेतले. कार्तिकी एकादशीला अजून तीन महिने होते. अनसूयाबाईंनी एक सुस्कारा सोडला.

"सोनू को बाद में मिला, हंसाबेन. पहले हाथी ने खाया."

"अनसूयाबेन," हंसाबेन दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "नहीं बताना है तो मत बताओ. लेकिन चातुर्मास में इतना झूठ?"