इंगोलेंची हातोडी आणि माशाची पाठ

इंगोले भाऊजी कुठल्याही वस्तूवर विश्वास टाकण्याआधी तिच्यावर हातोडी मारून बघायचे.

कलिंगडावर मारायचे, ते एक वेळ ठीक. पण आमचं दारसुद्धा ते हातोडीनेच वाजवायचे आणि मी दार उघडलं की पहिलं वाक्य असायचं, “वैनी, दाराचा आवाज बराबर नाही. आतून पोकळ होऊन राहिलं.” नवा माठ, नळाचा पाइप, शेजाऱ्यांनी हौसेने आणलेलं कपाट, सगळ्यांना ही परीक्षा द्यावी लागे. तुमच्या आजोबांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा भाऊजी विचारपूस करायला आले. त्यांनी प्लॅस्टरवर दोन ठिकाणी टकटक केलं, कान लावला आणि मान हलवत निघून गेले. त्या रात्री आजोबांना झोप लागली नाही.

मुलांनो, ही गोष्ट भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची. सेक्टरमध्ये नवी क्वार्टर्स मिळाली होती, भिंतींचा चुना अजून कपड्यांना लागत होता. आजोबा ड्रॉइंग ऑफिसात होते. आमच्या भिंतीला भिंत लागून इंगोले राहायचे, एकटेच. मूळचे वर्ध्याकडचे. पूर्वी दुर्ग स्टेशनवर नोकरी होती. गाडी थांबली की तिच्या प्रत्येक चाकावर हातोडी मारत जायचं. चाक खणखणलं की ठीक, बद्द वाजलं की कुठेतरी तडा आहे. पुढे ते कारखान्याच्या यार्डात आले, पण सवय तीच राहिली. जग म्हणजे एक लांबलचक मालगाडी आहे आणि तिच्यात कुठेतरी एक तडकलेलं चाक नक्की आहे, अशा नजरेने ते सगळीकडे बघत. “मले शक आहे,” हे त्यांचं आवडतं वाक्य. कशाचा, ते नंतर ठरायचं.

रेवा, परवा तू फोनवर सांगितलंस की तुझ्या डॅक्सहुंड कुत्र्याची पाठ धरली आहे, मागचे पाय लटपटतात आणि तुझा जीव थाऱ्यावर नाही. तेव्हापासून मला इंगोल्यांची माशा आठवते आहे. म्हणून हे लिहायला बसले.

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हालाच इंगोल्यांचा संशय होता. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपतो, त्यात काही नवल नाही. पण एका आठवड्यात भिंतीपलीकडून रोज दुपारी त्यांचा आवाज यायला लागला, अगदी मऊ. “ये. वर ये. जागा आहे.” दारं-खिडक्या घट्ट बंद. समोरच्या बंगाली बाईंनी तर नाकच मुरडलं. “मिसेस, दिस इज अ फॅमिली कॉलनी,” त्या मला म्हणाल्या, जणू मीच काही केलं होतं.

मग एका सकाळी ती ‘बाई’ अंगणात आली. तपकिरी, चकचकीत, लांबच लांब पाठ आणि खाली चार आखूड पाय. कोहक्याहून दूध घालायला येणारी रउताइन चरवी खाली ठेवून बघतच राहिली. “ये ह कुकुर आय के मंगर?” कुत्रं की मगर, हा तिचा प्रश्न मला अगदीच चुकीचा वाटला नाही.

भाऊजींनी खुलासा केला तोही संशयाने. यार्डातला एक रशियन इंजिनिअर सहकुटुंब मायदेशी निघाला. त्याला निरोप द्यायला सगळे दुर्ग स्टेशनवर गेले. बाकीचे हार घालत होते आणि इंगोले सवयीने डब्याची चाकं वाजवत होते. शिट्टी झाली, इंजिनिअरच्या बायकोने रडत रडत दारातून खाली वाकून ही कुत्री यांच्या हातात दिली आणि गाडी सुटली.

“एवढे लोक उभे होते, वैनी. हारवाले होते, साहेब होते. मग मलेच कावून देली? मले शक आहे.”

“कसला शक?”

“तेच पाहून राहिलो.”

माशा हे नाव तिचं तिकडचंच. तिला रशियन कळतं, मराठी कितपत कळतं ते अजून नक्की नाही, म्हणून तिच्यासमोर ड्यूटीबद्दल काही बोलायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. पण कॅम्प-१च्या बाजारातून तिच्यासाठी कलेजी आणायला ते सायकलवरून भर उन्हात जात. दुकानदाराने कापलेला तुकडा आधी बोटाने वाजवून बघत. मांस काय वाजणार!

थंडीच्या सुमारास माशा बिघडली. चालताना मागचा एक पाय ओढायची. कुणी पाठीला हात लावला की कळवळायची. मग एके दिवशी ती अंगणात उठायला गेली आणि मागचं अर्धं अंग उठलंच नाही. भाऊजी तिच्याजवळ उकिडवे बसले होते. हातोडी बाजूला पडली होती. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सायकलच्या पुढे टोपली बांधून ते तिला दुर्गच्या गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर बैल-म्हशींचा, पण शहाणा असावा. त्याने सांगितलं, हिची पाठ लांब आहे, मणक्यावर ताण आला आहे. कित्येक आठवडे हिला लहानशा जागेत बंद ठेवा. पळणं नाही, पायऱ्या नाहीत. उचलायची तर एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सरळ. एवढं करून पाय परत आले तर आले. नाही आले तर जन्मभर फरफटेल, मग तिला ठेवायचं की नाही याचा विचार करावा लागेल.

“उंचावरून उड्या मारते का, असं विचारून राहिला होता,” भाऊजी मला म्हणाले. “म्या म्हटलं, एवढ्याशा पायानं काय कुदन ते! बैलाचा डॉक्टर, वैनी. त्याले काय समजते? लोखंड आपोआप तडकत नाही. कोनीतरी मारलं आहे.”

आणि त्यांनी मारणाऱ्याचा शोध सुरू केला.

आधी रउताइनची काठी तपासली. ती भडकलीच, आपण कशाला मारू म्हणून. “मैं काबर मारहूँ? ओ कुकुर ह मोर का बिगाड़े हे?” दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या दुधात पाणी जास्त घातलं, असं मला वाटतं. मग बंगाली बाईंचा झाडू. मग पोस्टमनचे बूट. शेवटी त्यांनी घराभोवती शेगडीची राख पसरली, कुणाचे पाय उमटतात ते बघायला. सकाळी उमटलेल्या पावलाच्या मापाची सुतळी घेऊन आमच्याकडे हजर.

“साहेबांची चप्पल दाखवा जरा.”

चप्पल बरोबर जुळली. आदल्या संध्याकाळी आजोबा त्यांचं वर्तमानपत्र परत द्यायला गेले होते. ते हे शपथेवर सांगत होते आणि भाऊजी चपलेच्या तळाकडे बघत होते.

“बाप्पा, मी कुठं काय म्हणतो. मी फक्त पाहून राहिलो.”

आजोबा आत येऊन मला म्हणाले, “पुन्हा त्या माणसाचं वर्तमानपत्र या घरात येणार नाही.”

आता प्रश्न असा, की भाऊजी पाळीवर गेल्यावर माशाला कुणाकडे ठेवायचं? क्वार्टरांची सगळी लाइन संशयित. दोन दिवस ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी दारावर हातोडी वाजली. यंत्रांचे सुटे भाग ज्यात यायचे तसं एक लाकडी खोकं, त्यावर रशियन अक्षरं, आत गोधडी आणि गोधडीवर माशा. खोक्याला जाळीचं झाकण, झाकणाला कडी आणि कडीला तार ओवून शिशाचं सील. मालगाडीच्या वॅगनला लावतात तसंच्या तसं.

“तुमच्या व्हरांड्यात ठेवतो, वैनी. तुमच्यावर भरोसा आहे.”

“मग हे सील?”

“ते आपलं असू द्या.”

“आणि तिला बाहेर न्यायची वेळ आली तर?”

“तोडा. पण मले सांगा, कावून तोडलं ते.”

“कुत्र्याला बाहेर कशाला नेतात, हे मी सांगायचं?”

त्यांनी यावर विचार केला. “नाही, तेवढं समजते मले,” असं म्हणाले, आणि खिशातून आणखी सिलं काढून माझ्या हातात ठेवली. एक तोडलं की दुसरं लावायचं!

मला राग आला होता. पण माशाचे डोळे जाळीतून माझ्याकडे लागले होते आणि तिला कुणाचाच संशय नव्हता. मी ठेवून घेतलं, आठवडाभर आमच्याकडे आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी. वेळेवर खाणं, वेळेवर औषध, टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पाठीला. बाहेर न्यायचं तर एक हात छातीखाली, एक मागे, पाठ सरळ. पोटाखालून पंचा घालून मागचं अंग उचलून धरायचं आणि तिला पुढच्या पायांवर चालू द्यायचं. बंगाली बाई गॅलरीतून बघायच्या. हळूहळू एक मागचा पाय जमिनीला टेकायला लागला.

आणि मग मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आठवडाभर माझ्याकडे राहिली की माशा सुधारायची. भाऊजींच्या सुट्टीचा दिवस झाला, ती घरी राहून परत आली, की पुन्हा पाय ओढायची. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळ्या लाइनीला चोर ठरवणारा हा माणूस बंद दाराआड या मुक्या जिवाला करतो तरी काय?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी वाटीत त्यांच्याकडची कोथिंबिरीची सांबारवडी घेतली, निमित्त म्हणून, आणि त्यांच्या मागच्या अंगणात गेले. खिडकी किलकिली होती. आतून तोच मऊ आवाज आला. “ये. वर ये. जागा आहे.”

मी आत डोकावले. खोलीत एक खाट होती, पण कसली! चारी पायांखाली विटांवर विटा रचून जवळजवळ टेबलाएवढी उंच केलेली. पायथ्याशी एक ट्रंक. माशा कण्हत ट्रंकेवर चढली, तिथून खाटेवर. भाऊजी खाटेच्या अगदी कडेला, आगगाडीच्या बर्थवर झोपावं तसे आखडून पडले होते आणि त्यांचे डोळे मिटले होते. उरलेली मोठी जागा रिकामी होती. तिच्यावर इस्त्रीची चादर आणि भरतकामाचा अभ्रा घातलेली उशी. मी थांबले. जरा वेळाने भाऊजी घोरायला लागले. माशाला पाणी हवं होतं बहुतेक. ती कडेपर्यंत आली, खाली बघितलं आणि तिने उडी टाकली. सिमेंटच्या फरशीवर बद्द आवाज झाला. पाठोपाठ बारीक किंकाळी.

मी वाटी खिडकीत ठेवली आणि दार ठोठावलं.

“भाऊजी, मारणारा सापडला.”

ते हातोडी घेऊनच बाहेर आले. “कोन?”

“तुमची खाट.”

मी जे पाहिलं ते सांगितलं. ते वळून आत गेले. खाटेकडे बघत उभे राहिले. साऱ्या भिलाईत त्यांनी जिच्यावर कधी हातोडी मारली नव्हती अशी ती एकच वस्तू असावी.

“एवढी उंच कशाला करून ठेवलीत?” मी जरा जोरातच विचारलं. “चोर खाली दडतील म्हणून?”

“नाही जी.” ते खाटेच्या रिकाम्या बाजूला, चादर न चुरगळता, हात टेकून होते. “आमच्या घरचीचे गुडघे गेले होते. खाली बसली का उठता ये नाही तिले. गावी होती तवा. क्वार्टर भेटलं, तर म्या म्हटलं, आधी खाट उंच करून ठेवतो, मग तिले आनतो. पाय खाली सोडले का उभीच राह्यली पाहिजे.”

“मग?”

“मग काय. आनायच्या आधीच गेली.”

माशा त्यांच्या पायाशी येऊन बसली होती, मागचं अंग एका कुशीवर टाकून. मी म्हटलं, “सांबारवडी खिडकीत आहे. गार होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर हातोडी वाजली नाही. बोटांनी टकटक झाली. मी दार उघडलं तर भाऊजी घमेल्यात विटा घेऊन उभे. व्हरांड्याच्या कोपऱ्यात त्या एकावर एक रचून ठेवत ते म्हणाले, “वैनी, तुमच्याकडे राहू द्या. माझ्या घरी राह्यल्या तर मी पुन्हा लावीन.”

मग माशाचं खोकं आणून ठेवलं आणि सायकलकडे वळले. मी कडीकडे पाहिलं. तार नव्हती, सीलही नव्हतं.

“भाऊजी, सील राहिलं.”

“राहू द्या,” ते म्हणाले आणि मागे न बघता गेले.

माशा चालायला लागली, रेवा. पळाली मात्र पुन्हा कधी नाही, आणि वळताना तिचं मागचं अंग थोडं उशिरा वळायचं, पण चारही पायांवर ती पुढे बरीच वर्षं फिरली. खाट जमिनीलगत आली होती आणि माशा तिच्यावर पायरी चढावी तशी चढायची. उशीवरचा भरतकामाचा अभ्रा तसाच असायचा. रउताइनशी समेट व्हायला मात्र फार वेळ लागला.

त्या विटा मी मोगऱ्याच्या आळ्याभोवती लावल्या. तुम्ही दोघं सुट्टीत यायचात आणि ज्यांच्यावरून तोल सांभाळत चालायचात, त्या त्याच. भाऊजी माशाला घेऊन फिरायला निघाले की आळ्याशी थांबत. हातोडी खिशात असायची, पण तिला हात लावत नसत. वाकून एखाद्या विटेवर बोटाच्या पेराने हलकेच वाजवत आणि कान लावून ऐकत. आवाज बरोबर आहे का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. माशा मागे शांतपणे उभी असायची, त्यांचं ऐकून होईपर्यंत.