किसननानांचं पातळ पथ्य

आमच्या तीर्थपुरीत कुणाकडून चिमूटभर मीठसुद्धा न घेणारा एकच माणूस आहे, आमचे शेजारी किसननाना. लग्नाला जेवायला गेले तरी भाकरी आपली आपण घेऊन जातात. आग्रह केला की म्हणणार, "आपलं ते आपलं." बायको जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून ती भाकरीही त्यांनीच थापलेली, एका अंगानं करपलेली.

दातांचा मात्र भारी माज. पोत्याची गाठ, बाटलीचं झाकण, ऊस, सगळं दातानंच! शेवटी एका दाढेखाली गाठ झाली आणि जबड्याचं हाड आतून पोकळ झालं. मी त्यांना ओढतच जालन्याला नेलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ काढू. खड्डा भरायला हाडाची भुकटी मिळते."

नाना खुर्चीतून उठलेच. "दुसऱ्याचं हाड? माझ्या तोंडात? बिलकुल न्हाई!"

"मग तुमचंच रक्त घेऊ. यंत्रात फिरवलं की त्यातून पिवळट गोळा वेगळा निघतो. जखम भरायला मदत करणारे घटक त्यात असतात. तो खड्ड्यात बसवू."

"हे बराबर! आपलं ते आपलं."

गोळा निघाला. उरलेलं लाल रक्त नर्स टाकायला निघाली, तर नाना ओरडले, "ओ ताई, माझंय ते! परत भरा हातात!" त्यांची समजूत घालता घालता भूल द्यायची वेळ टळायला आली.

परतीच्या बसमध्ये गालाला उपरणं बांधून, जबडा न हलवता, त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "जबड्यात रक्ताचं विरजण लावून आलोय."

काही आठवडे पातळच खायचं होतं आणि नानांना भाकरीपलीकडे काही येत नव्हतं. आईनं पातळ खिचडीचा डबा पाठवला. पहिल्या दिवशी तो तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी रिकामा आला. तिसऱ्या दिवशी डबा न्यायला नाना स्वतः आले आणि तासभर ओट्यावर बसून विरजणाची कथा सांगत राहिले. मग रोजच यायला लागले. उपरणं काही सुटेना.

"नाना, हाड कुठवर आलं?" मी विचारायचो.

"धरून राह्यलंय. अजून पातळच म्हणलंय."

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. खड्डा मस्त भरून आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाकरी तर दुसऱ्या महिन्यापासूनच सुरू केली असेल ना?"

मी नानांकडे बघितलं. नाना पंख्याकडे बघत होते.

बसमध्ये अर्ध्या रस्त्यात त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "वैनीला सांगू नको रे. डबा बंद झाला तर मंग ओट्यावर यायचं कशापायी?"

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणल्या?"

"अजून पातळच."

"चल, खोटारड्या! चार महिने झाले, खिचडीत अख्खे शेंगदाणे टाकून राह्यले. एक तरी परत आला का?" तिनं झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "भावजींना म्हणावं, हाडाचं काम आहे, घाई करायची न्हाई. अजून वर्षभर तरी यावं लागंल."